ओहोटीला दिसणारे

१९ सप्टेंबर

दादा रात्री घरी आला नाही.

काल ओहोटी दुपारची होती. अर्धी रजा टाकून तो खाडीवर गेला — उत्तरेकडचे पक्षी उतरायला लागले की दरवर्षी जातो तसाच. संध्याकाळी वहिनी वरून खाली आली, म्हणाली फोन लागत नाही. मी म्हटलं, पक्षी दिसले की त्याला घर कधी आठवतं का! आणि भाजी निवडत बसले.

स्कूटर बांधाच्या कडेला मिळाली. बूट दगडावर, मोजे बुटांत नीट खोचलेले. तिपाईवरची मोठी दुर्बीण बांधाच्या खाली, चिखलात तिन्ही पाय रोवून उभी. आजूबाजूला कुणी नाही.

२० सप्टेंबर

दिवसभर होडी, अग्निशमनची माणसं, दोर, आकडे. पाणी चढलं की थांबायचं, उतरलं की परत सुरू.

फौजदार चांगले वाटले. हळू बोलतात. पोहता येत होतं का, ऑफिसात काही त्रास, घरात काही वाद? वहिनी तिन्हींना नाही म्हणाली. एकाच सुरात, हजेरी घेतल्यासारखं. मीही मान हलवली. काही नव्हतंच ना. होतं का?

आईला कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागलं. यंत्र घालतच नाही ती — आणि मुलीचा धंदा काय तर लोकांना ऐकू येण्याची यंत्रं बसवायची! "दादा सापडत नाही" हे आधी अख्ख्या गल्लीला कळलं, मग तिला. ती म्हणाली, "तो पाण्यात जायचा नाही. भित्रा आहे. लहानपणी डोक्यावर पाणी ओतलं की गाव गोळा करायचा." आणि उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. त्याच्या शर्टाची घडी तीनदा मोडली, तीनदा घातली.

२१ सप्टेंबर

काही नाही.

२३ सप्टेंबर

होडीवाला म्हणाला, "खाडी कुणाला ठेवून घेत नाही ताई. उशिरा देते, पण देते." धीर द्यायला म्हणाला बिचारा. मी घरी येऊन ओकले.

२६ सप्टेंबर

शोध थांबवला. कोणी तसं म्हणालं नाही. नुसती होडी आली नाही.

फौजदारांनी दुर्बीण आणून दिली. भिंगाच्या कडेला चिखल वाळून बसलेला. कामावर कानाचे साचे साफ करायला एक बारीक ब्रश असतो, त्याने तो काढला. काढलेला चिखल फेकवेना. कागदात बांधून कपाटात ठेवलाय. वेड लागलंय मला.

२८ सप्टेंबर

मी जाते आता. कामाच्या आधी किंवा नंतर — ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते तशी. तिपाई लावायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिखल बघायचा. सावकाश. मग उलट.

मला पक्षी बघायचे नाहीत. पण चिखलावर हलतं ते सगळं पक्षीच! काही हललं की काळीज उडतं, आणि मग ते दोन पायांवर तुरुतुरु पळत सुटतं. थांबतं. पुन्हा पळतं. घरी दादाच्या पुस्तकात बघितलं — चिखल्या. शोभतं नाव. निदान हा चिखल्या आहे एवढं कळलं की पुढच्या वेळी त्याच्यावरून नजर काढता येते.

म्हणून शिकतेय. जे दादा नाही ते सगळं ओळखू यायला हवं.

३० सप्टेंबर

कामावर एक आजोबा आले होते. काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा, म्हटलं. मी आवाज सोडलाच नव्हता, तरी दाबलं त्यांनी. परत दाबलं. काचेतून माझ्याकडे बघून हसले — बरोबर ना?

असं बरेच जण करतात. खोटं नसतं ते. इतकं कान देऊन बसलं की आवाज यायलाच लागतो.

मी मान डोलावली आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. आज सकाळी मी तीन वेळा दादाला बघितलं होतं. एकदा खुंट होता, एकदा पोतं. एकदा काहीच नव्हतं.

४ ऑक्टोबर

वहिनी या आठवड्यात शाळेत रुजू झाली. गणिताचा तास म्हणे बुडतोय मुलांचा. बुडतोय! शब्द तरी जपून वापरावा माणसाने.

ती अजून एकदाही बांधावर आलेली नाही. रडलेली नाही — निदान माझ्यासमोर नाही. फोन मात्र हातातून सुटत नाही. जेवताना ताटाशेजारी, अंघोळीला जाताना बाहेरच्या खिडकीत. वाजला की गच्चीवर जाते आणि दार ओढून घेते. आज विचारलं, कोण होतं. म्हणाली, शाळेतून.

रविवारी?

८ ऑक्टोबर

आज बांधावर एक बाई भेटल्या. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डोक्यावर टोपी, गळ्यात दोन दुर्बिणी. जाळी लावून पक्षी पकडतात, पायांत कडी अडकवतात, रंगीत पट्टी लावतात आणि सोडून देतात. पुढे कुठे कुणाला दिसला तर पट्टीवरची अक्षरं वाचून कळवायचं. दादा गेली कित्येक वर्षं यांना अक्षरं कळवत होता. फोनवर ओळख, भेट कधीच नाही.

मी सांगितलं, मी त्यांची बहीण. त्यांना माहीत होतं. उगाच हळहळल्या नाहीत. शेजारी उभ्या राहून त्याही चिखल बघायला लागल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "डावीकडे पाणटिवळे आहेत. लांब सरळ चोच, गुलाबी बुडखा. त्यांच्या पलीकडचं सगळं मी बघते, अलीकडचं तुम्ही बघा."

कुणीतरी वाटणी करून घेतली. किती दिवसांनी पाठीवरचं ओझं हललं.

मनात मी त्यांना कडीवाली म्हणते.

१२ ऑक्टोबर

कडीवालीने आज मला एक पक्षी धरायला दिला. छोटा टिलवा. मुठीत मावतो — काही वजनच नाही. बोटांमध्ये मान धरायची, दाबायचं नाही. तळहातावर त्याचं काळीज यंत्रासारखं चालू होतं.

बाई सांगत होत्या, मोठ्या उड्डाणाआधी हे खाऊन खाऊन फुगतात, आणि मग पोटातलं जे लागणार नाही ते आक्रसून घेतात. आतडी लहान होतात. हवं तेवढंच घेऊन निघायचं.

मी विचारलं, वाटेत किती मरतात? म्हणाल्या, बरेच. मग निघतात कशाला? मी मूठ उघडली. टिलवा क्षणभर तसाच बसून राहिला. मग गेला.

घरी येताना रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडले. एक रिक्षावाला थांबला, पाण्याची बाटली दिली, काही न विचारता गेला.

१५ ऑक्टोबर

आईने नवं काढलंय. संध्याकाळी मी आले की यंत्र कानात घालते — स्वतःहून! — आणि विचारते, आज काय काय दिसलं. मी सांगते. तुतवार, सतत शेपूट हलवणारा. वाकड्या चोचीचे मोठे, चोच अख्खी चिखलात घालणारे. ती ऐकते. मध्येच म्हणते, "आणि?" मी आणखी एखादा पक्षी सांगते. "आणि?"

पक्षी संपतात. तिचं "आणि" संपत नाही. मग ती यंत्र काढून डबीत ठेवते.

१८ ऑक्टोबर

खोकला. दिवसभर ओले पाय. साहेब म्हणाले, चार दिवस घरी बसा. घरी बसून काय करू?

२१ ऑक्टोबर

सकाळी फौजदारांचा फोन. खाडीच्या मुखाशी एक जण मिळालाय. वयाने तेवढाच. ओळख पटवायला या.

वहिनीला सांगायला वर गेले. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. म्हणाली, "तू जाऊन ये. तो नसेल." मी म्हटलं, तुला कसं माहीत? म्हणाली, "नसेल." तव्यावरची पोळी करपली तरी ती लाटतच होती. मला वाटलं, हिला झिंज्या धरून खाली ओढावं.

एकटी गेले. खोली थंड, फरशी ओली, दारात एक बादली. माणसाने चादर बाजूला केली.

दादा नव्हता.

आणि मला काय वाटलं ते इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही. मला आनंद झाला नाही. मला वाटलं — हाच असता तर बरं झालं असतं. संपलं असतं. आज रात्री झोप लागली असती. कुणाचा तरी तो भाऊ होता, त्याच्याकडे मी असं बघितलं, जणू त्याने मला फसवलंय.

बाहेर येऊन जिन्यावर बसले. फौजदारांनी चहा आणून दिला. कप पायरीवर ठेवून दिला.

२२ ऑक्टोबर

आईला सांगितलं नाही. पक्षी सांगितले. गेलेही नव्हते, तरी सांगितले.

२७ ऑक्टोबर

वहिनीने दादाच्या स्वेटरांची आणि गरम कपड्यांची पिशवी भरली. माझी तिची जिन्यात गाठ पडली. कुठे चाललीस विचारलं. कुणाला तरी उपयोगी पडतील, थंडी येतेय, म्हणाली.

मग मी सुटलेच. मन नाही का तुला, महिना दीड महिना झाला नाही तर कपडे वाटायला निघालीस, एकदा तरी बांधावर आलीस का, नवरा होता का शेजारी? सगळं बोलले. घसा बसला. ती पिशवी छातीशी धरून ऐकत उभी होती. चेहरा पांढराफटक. शेवटी एवढंच म्हणाली, "छकू, मला जाऊ दे. पोस्ट बंद होईल."

पोस्ट? मी त्यावर विचारही केला नाही. दार आपटून आत आले. आईला दार आपटलेलं तेवढं बरोबर ऐकू येतं.

२ नोव्हेंबर

चिखल रिकामा होतोय. इथे ते राहायला येत नाहीतच — कडीवाली म्हणाली होती. खातात, फुगतात, पुढे दक्षिणेला जातात. पाणटिवळ्यांचा मोठा थवा आज दिसला नाही. कडीवालीही उद्या निघणार, पुढच्या किनाऱ्यावर. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, "आता तुम्हीही थोडं थांबा." कसं थांबतात ते मात्र कुणी सांगत नाही.

पक्षी गेले की तिथे हलणारं काहीच राहणार नाही. मग मी काय बघू?

४ नोव्हेंबर

झोप नाही. कामावर एका बाईंच्या उजव्या कानाचं यंत्र डाव्या कानात घालत होते. त्याच म्हणाल्या, "अहो, हा नव्हे." साहेबांनी बघितलं. बोलले नाहीत. बोलले असते तर बरं.

६ नोव्हेंबर

आजच लिहायला हवं.

पहाटेची ओहोटी. चहा न घेताच निघाले, फोनही घरी राहिला. बांधावर कुणी नव्हतं. दुर्बीण लावली आणि पार पलीकडे, पाण्याच्या कडेला, काहीतरी तपकिरी दिसलं. त्याच्याभोवती चिखल्ये जमलेले. ते एकदम उडाले, आणि ते तपकिरी हललं. दादा गेला त्या दिवशी तपकिरी शर्टातच होता. हललं ते, मी शपथेवर सांगते.

चपला काढल्या आणि उतरले. आधी घोट्यापर्यंत. मग पोटरीपर्यंत. दादा, दादा, ओरडत होते. मध्येच उजवा पाय मांडीपर्यंत गेला. तो काढायला डाव्यावर भार दिला तर तोही गेला. वाकून बघितलं तर आजूबाजूच्या बारीक ओहोळांमधून पाणी उलटं, माझ्याकडे येत होतं. भरती सुरू झालेली.

घाबरले का? लिहायला लाज वाटते — नाही. हायसं वाटलं. आता कुठे जायचं नाही, काही बघायचं नाही. मी चिखलावर हात टेकून गप्प उभी राहिले.

मग वहिनीची किंकाळी. आई तिला म्हणाली होती, छकू आज चहा न घेता गेली, बघ जरा. ती घरातल्या कपड्यांत, स्कूटरवरून आलेली. बांधावर माझ्या चपला बघितल्या तिने. होडीवाल्याला हाका मारून मारून उठवलं. त्याने दोन फळ्या आणल्या, चिखलावर एकापुढे एक टाकत, पोटावर सरकत आला. मागच्या फळीवर वहिनी! तो ओरडत होता, मागे फिरा बाई, दोघांचं वजन होतंय. ती ऐकेना. पाणी माझ्या कमरेला लागलं तेव्हा तिने माझ्या काखेत हात घातले. "ओढ ना स्वतःला," म्हणत होती, "ओढ ना गं." मी ओढलं.

बांधावर आम्ही दोघी पडलो, नखशिखांत चिखल. होडीवाला कांबळं आणायला गेला. आणि वहिनीने मला फाडकन मुस्कटात मारली. मग मला कवटाळून अशी रडली, अशी रडली — इतक्या दिवसांचं सगळं.

"तो तिथे नाही, छकू," म्हणाली. "जिवंत आहे तो."

मला वाटलं, हिलाही त्या आजोबांसारखे नसलेले आवाज ऐकू यायला लागले.

पण तिने सांगितलं. तुटक तुटक, दात वाजत होते तिचे. दोन वर्षं दादाला झोप नव्हती. सगळं नको झालं होतं त्याला. ऑफिस, घर, स्वतः. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. आई खचेल, छकू घाबरेल, त्यांना कळू द्यायचं नाही, अशी त्याने तिला शपथ घातलेली. मी खालच्याच मजल्यावर राहत होते! त्या दुपारी तो परत यायचं नाही असं ठरवूनच चिखलात उतरला. पाणी छातीशी आलं तेव्हा धीर सुटला. खुंटांना धरत धरत कसाबसा पलीकडच्या काठाला लागला, आणि तिथून चालत सुटला. आठवड्याभराने वहिनीला फोन आला तेव्हा लांबच्या कुठल्यातरी गावात होता, कुणाच्या तरी दुकानात मागे झोपत होता. म्हणाला, मरताही आलं नाही आणि आता तोंड दाखवताही येत नाही. मेलो असंच राहू दे. कुणी शोधत आलं तर या वेळी चुकणार नाही.

"मी काय करू?" वहिनी म्हणत होती. "तुम्हाला सांगितलं तर तो जाईल. नाही सांगितलं तर तुम्ही. रोज फोन वाजेपर्यंत माझा जीव जाग्यावर नसतो. स्वेटर तरी पाठवू दे म्हटलं, तर पत्ता द्यायला महिना लावला त्याने."

मी तिचा हात हातात घेतला. दोघींच्याही हातांवर चिखल वाळून तडकत होता. तिला किती काय बोलले मी. तिने एका शब्दाने उलट उत्तर दिलं नव्हतं.

कांबळं आलं. एकाच कांबळ्यात घरी आलो.

७ नोव्हेंबर

आईला सगळं सांगितलं. मीच. तिने यंत्र घातलं होतं, ओरडावं लागलं नाही. तिने वहिनीपुढे हात पसरला — फोन दे.

वहिनी घाबरली. मीही. त्याने धमकी खरी केली तर? पण आईचा हात मागे जाईना. वहिनीने नंबर लावून दिला.

आईने फोन कानाशी धरला. पलीकडून "हॅलो" आलं, ते मलाही ऐकू आलं. त्याचाच आवाज. आईने डोळे मिटले. मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल, ये म्हणेल.

"तुझी बहीण काल बुडत होती," ती म्हणाली. "तुला शोधताना."

आणि फोन माझ्या हातात दिला.

मी तो कानाशी धरला. मग दादा मला हाका मारायला लागला.